पेन्सिलीने वाचवलेलं झाड

"ही पेन्सिल बनवताना एकही झाड तोडलेलं नाही."

हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते मला 'सर्व हक्क राखीव' सारखं वाटायला लागलंय, म्हणजे डोळे त्यावरून नुसतेच घसरतात. ऑफिसच्या जॉइनिंग किटमध्ये, कॉन्फरन्सच्या पिशवीत, सोसायटीतल्या पोरांच्या बर्थडेला, आणि एकदा चक्क एका लग्नात, अक्षतांच्या पुडीबरोबर. जुन्या वर्तमानपत्राचा कागद शिशाभोवती घट्ट गुंडाळून केलेली पेन्सिल. अंगावर कुठल्यातरी मॅचची अर्धी हेडलाईन किंवा मराठी-इंग्रजी अक्षरांचे तुकडे, त्यावर कंपनीचा लोगो, आणि खोक्यावर हे वाक्य. शेजारी एक हिरवं पान. पान पाहिजेच.

ऑफिसात या विषयावर बोललं की लोक "तुला प्रत्येक गोष्टीत प्रॉब्लेम असतो" असं म्हणून कॉफी मशीनकडे निघून जातात. म्हणून इथे लिहितोय. इथून तुम्ही निघून गेलात तरी मला दिसत नाही.

तर पहिली गोष्ट, हे वाक्य खोटं आहे. कागद झाडाचाच असतो हो! आपल्या वर्तमानपत्रांचा कागद काही प्रमाणात देशी गिरण्यांत रद्दीपासून बनतो आणि बराचसा कॅनडा-रशियासारख्या देशांतून येतो. तिथे कुणीतरी झाड तोडलेलंच असतं. फार तर असं म्हणा की पेन्सिलीसाठी वेगळं झाड तोडलं नाही, आधीच तोडलेलं वापरलं. पण मग ते वाक्य खोक्यावर मावणार नाही, आणि मावलं तरी शेजारच्या पानाला जरा ओशाळल्यासारखं होईल.

हा झाला शब्दांचा कीस. तो मी सोडून देतो, कारण खरं दुखणं त्याच्या पुढे आहे.

तुमच्या घरातली सगळ्यात नीट रिसायकल होणारी वस्तू कुठली, सांगा बघू? काच नाही, प्लास्टिक तर नाहीच. वर्तमानपत्र. आपल्याकडे ही व्यवस्था कुठल्याही सरकारी योजनेच्या आणि पर्यावरण दिनाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आई रोजचा पेपर घडी घालून पलंगाखाली ठेवते, महिन्या-दोन महिन्यांनी सुतळीने गठ्ठा बांधते, रद्दीवाल्याला हाक मारते, तो काटा मारतो, ती त्याला तसं तोंडावर सांगते, मग दोघंही एका आकड्यावर येतात. तिथून तो गठ्ठा मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून पेपर मिलमध्ये. वापीला अशा गिरण्यांची रांग आहे, उत्तरेत मुझफ्फरनगरला आहे. तिथे रद्दीचा लगदा होतो आणि परत कागद किंवा पुठ्ठा होतो. कागदाचे तंतू दर फेरीला थोडे आखूड होत जातात, पण पाच-सात फेऱ्या सहज निघतात. काही कागद मध्येच भेळेच्या पुड्याकडे वळतो. (खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका असं एफएसएसएआयने २०१६ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये परत सांगितलं. आमच्या कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याने दोन्ही वेळा ऐकलं नाही.) आणि एवढं सगळं करून आपल्या गिरण्यांना देशातली रद्दी पुरत नाही ती नाहीच, परदेशातून जहाजं भरून रद्दी आणावी लागते.

आता या चालू, धडधाकट साखळीतून आपण एक कागद बाहेर काढतो. त्याला गोंद लावतो, मध्ये ग्रॅफाईट घालतो, वर वॉर्निश मारतो, लोगो छापतो. ज्या कागदाच्या अजून चार-पाच फेऱ्या बाकी होत्या त्याची ही शेवटची फेरी. पेन्सिलीचं सोलपट कुठलाही रद्दीवाला घेत नाही. गोंद आणि ग्रॅफाईट लागलेला तो भुगा डस्टबिनमध्ये जातो आणि संपतो.

आणि याचं नाव रिसायकलिंग!

आपण इंजिनीअर लोक ना, आकडे मांडल्याशिवाय भांडणात मजा येत नाही. गेल्या पाच जूनला आमच्या ऑफिसात माणशी एक पुठ्ठ्याची नळी वाटली. नळीत एक कागदी पेन्सिल, एक बीवाली पेन्सिल (तिच्याकडे नंतर येतो), आणि एक जाड कार्ड. माणसं साधारण १,५००. मी टीममधल्यांच्या दहा कागदी पेन्सिली गोळा केल्या आणि घरी किचनच्या काट्यावर ठेवल्या. ५५ ग्रॅम. म्हणजे एक पेन्सिल साडेपाच ग्रॅमची. त्यातलं शिसं एक-सव्वा ग्रॅमचं धरा. उरला कागद आणि थोडा गोंद, चार-सव्वाचार ग्रॅम. वर्तमानपत्राच्या एका सुट्या पानातून अशा दोनेक पेन्सिली होतात.

१,५०० गुणिले सव्वाचार ग्रॅम. साडेसहा किलोच्या आत.

म्हणजे आमच्या अख्ख्या ऑफिसने, सीईओच्या व्हिडिओ मेसेजसकट, पृथ्वीसाठी साडेसहा किलो रद्दी सत्कारणी लावली. माझी आई एका वेळेला याच्या दुप्पट रद्दी देते आणि व्हिडिओ काढत नाही. बाजारभावाने त्या रद्दीचे शंभर रुपयेही झाले नसते. नळीचा खर्च, मला कळलं त्याप्रमाणे, माणशी चाळीस रुपये. साठ हजार झाले. आणि हो, नळी आणि कार्डचं वजनही केलं. ३२ ग्रॅम. आतल्या दोन पेन्सिलींच्या अडीच-तीन पट त्यांचं वेष्टण.

आता झाड. झाड वाचलं म्हणतात ना, ते किती वाचलं तेही बघू. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत 'एका झाडापासून इतक्या पेन्सिली' असे आकडे असतात, त्यांचा एकाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. आपणच मांडू. खोड ३० सेंटीमीटर जाडीचं, कामाची लांबी ८ मीटर. म्हणजे अर्ध्या घनमीटरपेक्षा थोडं जास्त लाकूड. कापताना, रंधताना, खाचा पाडताना त्यातलं साठ टक्के भुसा आणि तुकडे होऊन जातं असं सढळ हाताने धरू. उरलेल्यात सहा-साडेसहा घनसेंटीमीटरची एक, अशा तीस हजारांच्या वर पेन्सिली होतात. आमच्या १,५०० पेन्सिलींनी त्या झाडाचा विसावा हिस्सा वाचवला. ओंडक्याचं एक भेंडोळं समजा, दहा-बारा किलोचं.

बरं, ते झाड कुठलं? खोक्यावरचं हिरवं पान बघून डोळ्यासमोर सह्याद्रीतलं घनदाट रान येतं, वर धनेश पक्षी वगैरे. प्रत्यक्षात भारतातल्या पेन्सिलींचं लाकूड मोठ्या प्रमाणावर काश्मीरमधून येतं. पॉप्लरचं. पुलवामा जिल्ह्यात उखू नावाचं गाव आहे, तिथे या लाकडाच्या पट्ट्या कापून पेन्सिल कारखान्यांना पाठवतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मध्ये पुलवामाच्या या धंद्याचा उल्लेख झाला तेव्हा 'पेन्सिल व्हिलेज' म्हणून त्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याआधी आपण हे लाकूड परदेशातून मागवायचो. आणि पॉप्लर हे शेताच्या बांधावर, ओढ्याच्या कडेला मुद्दाम लावलेलं, भराभर वाढणारं झाड. लावायचं, वाढवायचं, विकायचं, परत लावायचं. उसासारखंच, फक्त उसापेक्षा जास्त वर्षं लागतात. कुणी "आम्ही गुळाशिवाय लाडू केला, एकही ऊस तोडला नाही" असं खोक्यावर छापलं तर आपण हसू. पॉप्लरच्या बाबतीत मात्र आपण टाळ्या वाजवतो.

मुंबईत आरेमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी रात्रीत तोडायला घेतली ती झाडं दोन हजारांवर होती. त्यातल्या एकाचीही पेन्सिल झाली नसेल. झाडं पेन्सिलीमुळे जात नाहीत. ती रस्त्यामुळे, कारशेडमुळे, नदीकाठाच्या सुशोभीकरणामुळे आणि आपण ज्यात राहतो त्या ३ बीएचकेच्या फेज टू मुळे जातात. पण पेन्सिल कशी, हातात मावते.

वुड-फ्री नावाचा आणखी एक विनोद आहे. 'शंभर टक्के वुड-फ्री' असं लिहिलेली, थोडी वाकणारी, स्वस्तातली पेन्सिल बघितली असेल तुम्ही. तिच्यात लाकूड नसतं हे अगदी खरं, कारण ती प्लास्टिकची असते. अमेरिकेत १९७० च्या दशकातच यंत्रातून शेवयांसारखी प्लास्टिकची पेन्सिल काढायची पद्धत निघाली होती, ती झाडं वाचवायला निघालेली नव्हती, स्वस्त पडते म्हणून निघाली होती. आता तीच पेन्सिल हिरव्या खोक्यात येते. पुढे जाऊ.

मला खरंच वाटतं की टाकाऊ मालाची पेन्सिल ही वाईट कल्पना नाही. उलट, पेन्सिलीचा इतिहासच अडचणीतून निघालेल्या युक्त्यांचा आहे. हेन्री पेट्रोस्की नावाच्या सिव्हिल इंजिनीअरने १९९० मध्ये नुसत्या पेन्सिलीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलंय. कामाला कंटाळलेल्या इंजिनीअरने जरूर वाचावं, आपण करतो ते सगळं कुणीतरी आधी पेन्सिलीत करून बसलंय असं वाटतं. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलला शुद्ध ग्रॅफाईटची खाण सापडली. लोकांना वाटलं हे शिसंच. (म्हणून आपली 'शिसपेन्सिल'. तिच्यात शिसं कधीच नव्हतं. नामकरणातला बग, साडेचारशे वर्षं झाली, कुणी फिक्स केलेला नाही.) पुढे फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध पेटलं, फ्रान्सला ते ग्रॅफाईट मिळेना. तेव्हा १७९५ मध्ये निकोला-जाक कोंते याने हलक्या ग्रॅफाईटची भुकटी चिकणमातीत मळली आणि भाजून काढली. मातीचं प्रमाण बदललं की पेन्सिल कडक किंवा मऊ. आजही तुमच्या एचबीमध्ये तेच आहे.

आणि आता ऐका. अमेरिकेत पेन्सिलींसाठी तांबडा सीडर वापरायचे. छान तासता येतो, वास सुंदर, ढलपे निघत नाहीत. तो इतका वापरला की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आला. तेव्हा पेन्सिल कंपन्या शेतकऱ्यांची जुनी सीडरची कुंपणं आणि गोठे-कोठारं विकत घेऊन त्याच्या पेन्सिली करायला लागल्या. ही झाली टाकाऊपासूनची पेन्सिल! शंभर वर्षांपूर्वीची. तिच्यावर हिरवं पान नव्हतं. विकत घेणाऱ्याला बहुतेक कळलंही नसेल की आपण कुणाच्यातरी कुंपणाने लिहितोय. माल संपला होता, धंदा चालवायचा होता, म्हणून कुणीतरी डोकं लढवलं.

आमच्या नळीतली पेन्सिल कशातून आली? रद्दी उतू जात नव्हती, पॉप्लर संपला नव्हता, आणि आमच्या मजल्यावर कुणाला पेन्सिल हवी नव्हती. हे शेवटचं जरा नीट बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये पेन्सिलीने लिहिणारा माणूस शोधून दाखवा. आम्ही कीबोर्डवर लिहितो, व्हाईटबोर्डवर खरडतो, फारच झालं तर बॉलपेन. माझ्या टीममधली एकजण केस वर गुंडाळून त्यात ती पेन्सिल खोचते. मला दिसलेला तेवढाच तिचा प्रामाणिक उपयोग. बाकीच्या ड्रॉवरमध्ये आहेत, मागच्या वर्षीच्या बांबूच्या टूथब्रशशेजारी.

म्हणजे ज्यांना गरज नाही अशा १,५०० लोकांसाठी एक नवी वस्तू तयार केली, टेम्पोने आणली, वाटली. शिसं तरी फुकट येतं का? ग्रॅफाईट खाणीतून काढावं लागतं, जगात सगळ्यात जास्त चीनमध्ये निघतं. मातीत मळून ते हजार डिग्रीच्या आसपास भाजावं लागतं, मग मेणात बुडवावं लागतं. लाकडाची असो की कागदाची, आतला तो काळा भाग सारखाच. जी वस्तू बनवलीच नसती तर सगळंच वाचलं असतं, तिच्यातलं फक्त वरचं साल बदलून आपण तिला पर्यावरणपूरक म्हणतो.

आता बीवाली पेन्सिल. हिची मूळ कल्पना अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांना २०१२ मध्ये सुचली आणि पुढे एका डॅनिश कंपनीने ती जगभर नेली. पेन्सिल थोटकी झाली की टोकाकडची कॅप्सूल मातीत खोचायची, आतलं बी उगवतं. कल्पना गोड आहे, नाकारत नाही. पण तिच्यात एक अट आहे: पेन्सिल थोटकी व्हायला पाहिजे. जो माणूस पेन्सिलीने लिहितच नाही त्याची पेन्सिल थोटकी होणार कशी? मी माझ्या रांगेतल्या चौदा जणांना विचारलं. एकीने अख्खी न वापरलेली पेन्सिल कुंडीत उभी खोचली होती. तुळस आली नाही. आणि तुळस हवी असेल तर आमच्या गल्लीतल्या नर्सरीत दहा-वीस रुपयांना रोप मिळतं, मुळांसकट. ज्या देशात मंजिऱ्या कुस्करून कुंडीत टाकल्या की पावसात दहा तुळशी उगवतात, तिथे तुळशीचं बी कॅप्सूलमध्ये घालून विकणाऱ्याच्या धंद्याला माझा नमस्कार.

उरलेल्या पेन्सिली आम्ही 'डोनेट' केल्या. मुळशी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी गेलो होतो. टी-शर्ट घालून, फोटोत मागच्या रांगेत आहे. तिथल्या बाई फार शांतपणे म्हणाल्या, "पेन्सिली छान आहेत हो सर, पण आमच्या पोरांचे शार्पनर दोन-पाच रुपयांचे. पातं बोथट असलं की कागद सोलवटतो. टोक करता करताच निम्मी संपते." तेवढ्यात एका पोराने माझ्याकडे येऊन विचारलं, "नटराज नाही का?"

ते पोरगं त्या मैदानातलं एकमेव माणूस होतं ज्याला पेन्सिल म्हणजे काय ते माहीत होतं. त्याला दिवसभर लिहायचंय, चित्र काढायचंय, टोक मोडलं तर रडायचंय. लाल-काळ्या पट्ट्यांची ती लाकडी पेन्सिल १९५८ पासून आपल्याकडे आहे, कुठल्याही शार्पनरला चालते, खेड्यातल्या दुकानात सुटी मिळते. आणि शहरातला सुशिक्षित माणूस त्याला काय देतो, तर स्वतःच्या ड्रॉवरमध्ये नको झालेलं हिरवेपण. वर फोटो. (चांगल्या धारेच्या पात्याने कागदी पेन्सिलीलाही सुरेख टोक होतं, करून बघितलंय. पण मग पाकिटात शार्पनरही द्यायला पाहिजे होता. कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आमच्यातल्या कुणी तिला टोक केलेलंच नव्हतं.)

इथे दोन उत्तरं हमखास येतात.

पहिलं, "अरे, या पेन्सिली बचत गटातल्या बायका करतात, त्यांना काम मिळतं." काही ठिकाणी करतात, हे खरंय, आणि हाच मुद्दा मला गप्प बसवू शकतो. ज्याला पेन्सिल लागते त्याने जरूर त्यांच्याकडून घ्यावी, घासाघीस न करता घ्यावी. माझ्या बहिणीची मुलगी चित्रं काढते, तिला मी घेतो. पण मग खोक्यावर त्या बायकांबद्दल लिहा ना! किती जणी, कुठल्या गावच्या, एका पेन्सिलीमागे किती मिळतात. आमच्या नळीवर झाड होतं, पान होतं, पृथ्वीचा गोळा होता, लोगो होता. बाई कुठेच नव्हती. आणि कामच मोजायचं तर उखूमध्ये पट्ट्या कापणारेही पोटासाठीच कापतात. त्यांचं काम काढून घेतलं तर ते आपण खोक्यावर छापणार आहोत का?

दुसरं उत्तर, "निदान काहीतरी तर करतोय. जागृती होते." याचा मला मनापासून राग आहे. आपल्या धंद्यात हे रोज दिसतं. प्रॉडक्शनमध्ये बग आहे, कस्टमर बोंबलतोय, आणि कुणीतरी स्क्रीनवरचा एरर मेसेज लपवून तिकीट क्लोज करतं. डॅशबोर्ड हिरवा. त्याला आपण "निदान काहीतरी केलं" म्हणत नाही. म्हणतो, गड्या, तू प्रॉब्लेम दिसेनासा केलास, आता तो कुणी सोडवणारही नाही. कागदी पेन्सिल हा तसाच हिरवा ठिपका आहे. ती हातात आली की माणसाला आपण आपलं केलं असं वाटतं. आणि ज्या कचऱ्याला खरोखर कुणी वाली नाही तो तसाच राहतो.

तो कुठला, हे पुण्यात राहणाऱ्याने तरी विचारू नये. आपल्या शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, १९९३ पासून. कचरा वेचणाऱ्यांची संघटना. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, २००८ पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरी जाऊन कचरा घेतात. म्हणजे रिसायकलिंग म्हणजे काय याचा देशात दाखवण्यासारखा नमुना आपल्या दारात रोज सकाळी घंटी वाजवतो, आणि आपण आतून ओरडतो, "बाहेर ठेवलाय!"

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, मावशी, काय विकलं जात नाही? त्यांनी बोटांवर मोजलं. चिप्सची चकचकीत पाकिटं. थर्माकोल. शाम्पूच्या पुड्या. भाजीच्या रश्शात बुडालेले स्विगीचे डबे. आणि पॅड आणि डायपर, न गुंडाळता टाकलेले, जे त्यांना हाताने वेगळे करावे लागतात. वर्तमानपत्राचं नाव त्यांच्या यादीत नव्हतं. असणारच नव्हतं. पेपर त्यांच्यापर्यंत आला तर त्यांचा तो दिवस चांगला जातो.

आणि वर्तमानपत्राचं काहीतरी करायचंच असेल तर त्याचंही उत्तर याच बायकांनी देऊन ठेवलंय. 'स्वच्छ'च्या बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकल्या, वापरलेलं पॅड त्यात घालून टाकण्यासाठी. २०१७ मध्ये पुण्यात 'रेड डॉट' मोहीम निघाली, पॅड-डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणाऱ्याला न उघडता कळेल. तो कागद तसाही शेवटचाच प्रवास करणार होता, आणि जाता जाता एका माणसाचा हात वाचवणार होता. इथे फेरी संपली तर मला काही म्हणायचं नाही. पण ही पिशवी सीईओच्या व्हिडिओत हातात धरता येत नाही ना.

आता गेल्या वर्षीची आमच्या सोसायटीची मीटिंग. विषय होता, मावशींची फी वाढवायची. घरटी महिन्याला शंभरच्या आतली रक्कम, तीत थोडी वाढ. एक गृहस्थ उठून म्हणाले, "आपण पैसे कशाला द्यायचे? उलट तीच आपलं भंगार विकून कमावते." माना डोलल्या. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी त्याच गृहस्थांच्या मुलाचा वाढदिवस झाला आणि रिटर्न गिफ्टमध्ये काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. पाच पेन्सिलींचा बॉक्स. हिरवं पान. एकही झाड तोडलेलं नाही. एका बॉक्सच्या किमतीत मावशींची महिन्याभराची वाढ निघाली असती. ते गृहस्थ वाईट नाहीत. आमच्या पार्किंगच्या भांडणात माझ्या बाजूने बोलले होते. पण त्या बॉक्सने त्यांना जो आनंद दिला तो फीची पावती देऊ शकत नाही, हे त्या बॉक्सच्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक आहे.

यंदा आमच्या ऑफिसची ग्रीन कमिटी पुन्हा कोटेशन्स मागवतेय. मी त्यांना मेल लिहिला, वरचे आकडे घालून, एक्सेल जोडून. सुचवलं की वस्तू वाटूच नका, तेच साठ हजार कँटीनचा ओला-सुका कचरा नीट वेगळा करणाऱ्या दोन माणसांना सहा महिने जास्तीचे द्या. साठ हजार भागिले दोन, भागिले सहा, म्हणजे माणशी महिन्याला पाच हजार. एवढ्यात हाऊसकीपिंगच्या पोरांचं किती भागतं ते कधीतरी त्यांना विचारून बघा. उत्तर आलं, "ग्रेट पॉइंट्स! पण एम्प्लॉयी एंगेजमेंटच्या दृष्टीने हातात काहीतरी टँजिबल हवं." तर मित्रहो, पाच जूनला हातात काहीतरी टँजिबल येईल. घेऊ नका. नुसतं "नको, थँक्यू" म्हणा. नळी उरली की ती परत जाते, आणि परत गेलेल्या नळ्या पुढच्या वर्षीच्या एक्सेलमध्ये दिसतात. कमिटीला झाडापेक्षा एक्सेल चांगलं कळतं. ज्यांच्या घरी जुन्या पेन्सिली आहेत त्यांनी आधी त्या संपवा. थोटकाला रिकाम्या स्केचपेनची नळी लावली की अगदी शेवटपर्यंत लिहिता येतं, शाळेत आपण सगळ्यांनी केलेलं आहे.

आणि आमच्या सोसायटीतलं कुणी हे वाचत असेल तर, उद्या रविवारी सकाळी अकराला क्लब हाऊसमध्ये मीटिंग आहे. फीचा विषय अजेंड्यावर सातवा आहे, लिफ्टच्या एएमसीनंतर. दर वेळी तिथे पोचेपर्यंत कोरम जातो. नाश्ता करून या.